सात डिसेंबरचा दोन

२ नोव्हेंबर २००४, मंगळवार

आज तीन हात. पहिले दोन तासाभरात उरकले. तिसरा मराठी निघाला.

टेंभे. वय ६८. दोन वर्षांपूर्वी झटका, डावी बाजू गेली. पाय परत आला, काठीने चालतात. डावी मूठ मिटली ती मिटलीच. बोटं तळव्यात रुतलेली, मनगट आत वळलेलं. तळव्यात काकूंनी घडी करून घातलेला मलमलीचा तुकडा. मुठीवर लोकरी मोजा, पायातला. मूठ हातमोज्यात जात नाही, आणि अमेरिकेतल्या या ट्रॉयमध्ये थंडीचे चार महिने उघडा हात बाहेर काढता येत नाही.

मंडळाच्या गणपतीत दोघांना दुरून पाहिलं होतं. डनीसला लगेच सांगितलं. ती आमच्या औषध-चाचणीची कोऑर्डिनेटर, सगळे कागद तिच्याकडे. ती डॉ. एच.कडे, चाचणीच्या प्रमुखांकडे, गेली. ते म्हणाले, माझे निम्मे पेशंट माझ्या चर्चमधले आहेत, नोंद करा आणि पुढे चला. नोंद केली.

काकांना नियम मी मराठीत सांगितले. मी फक्त मोजते. सुई डॉक्टर देतात. सुईत औषध आहे की मिठाचं पाणी, हे त्यांनाही माहीत नसतं, मलाही नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही रोज कार्ड भरायचं: रात्री हात आखडून किती वेळा जाग आली, तळवा धुताना किती त्रास झाला. ते कार्ड मी बघायचं नाही. बारा आठवडे पुरे केले की पुढची सुई सगळ्यांना खऱ्या औषधाची.

"म्हणजे पास झालं की बक्षीस," काका म्हणाले.

"पास-नापास नाही काका. फक्त पूर्ण करायचं."

"तेच गं. आपल्याकडे दोन्ही एकच."

९ नोव्हेंबर, मंगळवार

टें.ना सुई दिली. मी खोलीबाहेर, नियमाप्रमाणे. त्याआधी मोजमाप: मनगट ३, बोटं ३. शून्य म्हणजे सैल, चार म्हणजे हलतच नाही. तीन म्हणजे हलतं, पण भांडून.

प्रत्येकाने एक इच्छा लिहायची असते, बारा आठवड्यांत काय जमावं. काकांनी उजव्या हाताने सुबक अक्षरात लिहिलं: हातमोजा घालता यावा.

तीस वर्षं गाड्यांच्या कंपनीत ब्रेक तपासायचे. टेबलावरची माझी कोनमापक पट्टी उचलून पाहिली. "याचं कॅलिब्रेशन कधी केलंय?" आजवर कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, ऑगस्टमध्ये. मान डोलावली.

काकू: "तू कुठली गं?"
"पुण्याची."
"पुण्यात कुठे?"
डनीस दारात उभी. म्हटलं, "काकू, आत्ता फक्त हात."
काका काकूंना: "बघ, पुण्याचीच आहे."

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. कामावर. चार हात. माझा उजवा अंगठा दुखतोय, मुळाशी. दुसऱ्यांच्या मुठी उघडून.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

टें., दुसरा आठवडा. मनगट ३, बोटं ३. काही नाही.

काकूंनी डब्यात चकल्या आणल्या होत्या. घेता येत नाहीत. डनीसने घेतल्या, तिला चालतात म्हणाली, ती मोजत नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

आईचा फोन. व्हिसाचं काय झालं? डॉ. एच.च्या पत्रावर अडलंय, पत्र त्यांच्या टेबलावर. मग नेहमीचं. "दिवसभर लोकांचे हात धरतेस. एखादा धरून तरी ठेव." मागून बाबांचं हसू ऐकू आलं. मीही हसले, असं तिला वाटलं असावं.

७ डिसेंबर, मंगळवार

टें., चौथा आठवडा. औषध असेल तर ते याच सुमाराला सगळ्यात जास्त दिसतं. हे पेशंटला सांगत नाही. पण टेंभेकाका सगळं वाचून येतात. फाइलमध्ये छापील कागद, त्यावर रंगीत खुणा.

मनगट ३.

बोटं. हळू उघडली, मग वेगाने. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. श्वास धरून. काकूही. "सैल झालाय ना गं थोडा? मला वाटतंय सैल झालाय."

"काका, हात सैल सोडा. बोलू नका."

पुन्हा वेगाने. मध्ये कुठेतरी अडलं, मग सुटलं.

२ लिहिलं.

८ डिसेंबर, बुधवार

कालचे बोटांचे २. दोन होते का?

अडलं ते लवकर अडलं. दोनला उशिरा अडतं. हाताला तीन लागलं होतं, असं आज हाताला वाटतंय. पण हात आजचा आहे, मोजमाप कालचं. चुकीचा आकडा दुरुस्त करायचा तर एक आडवी रेघ, सही, तारीख, कारण. कारण काय लिहू? काका बघत होते?

दुरुस्त केलं नाही. शंका म्हणजे चूक नव्हे.

१५ डिसेंबर, बुधवार

मिस्टर बी. आज बाद झाले. पूर्वी ट्रक चालवायचे, उजवा हात. तीन आठवड्यांची कार्डं एका बैठकीत, एका पेनाने भरली होती. डनीसने विचारलं, त्यांनी लगेच कबूल केलं, लाजले. कंपनीने काढून टाकलं. ज्या कंपनीचं औषध, तिचाच शब्द शेवटचा. खरी सुईही गेली. विमा या इंजेक्शनला नाही म्हणतो, म्हणजे हात आहे तसा राहणार.

डनीस: "ते मला म्हणाले, पण मॅडम, मी खोटं लिहिलं नाही, फक्त उशिरा लिहिलं."

गाडीवरचा बर्फ खरवडताना अंगठा इतका दुखला की डाव्या हाताने खरवडला.

४ जानेवारी २००५, मंगळवार

टें., आठवा आठवडा. मनगट ३, बोटं ३.

मी कागद उलटा करायच्या आत काका म्हणाले, "तीन? मागच्या वेळी तर—" आणि थांबले. काकूंनी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली, गरज नसताना.

मागच्या वेळचा आकडा त्यांना कसा माहीत, हे घरी आल्यावर सुचलं. सूप गरम केलं, झोपले.

१६ जानेवारी, रविवार

टेंभेकाकूंकडे हळदीकुंकू. जायला नको होतं. मंडळातल्या तिघींनी फोन केले, नाही म्हणण्याची कारणं संपली. डनीसला ईमेल करून गेले, नोंदीसाठी. अर्ध्या तासात निघायचं ठरवलं होतं.

पंधराएक बायका, तीळगूळ, वाण म्हणून झाकणाची डबी. कुमारिकेला हळदीकुंकू द्यायचं की नुसतं कुंकू, यावर दोन काकूंचा वाद. एकजण म्हणाली, "अमेरिकेत सगळं चालतं, लाव गं." काका वरच्या मजल्यावर. बायकांत बसायचं नाही म्हणून.

काकूंनी मला कागदी ताटल्या आणायला स्वयंपाकघरात पाठवलं. फ्रीजवर, चुंबकाखाली, आमचं कार्ड. छापील, निळ्या चौकटीचं. मला बघायचं नसतं. पाहिलं, कारण समोर होतं.

जानेवारीचं कार्ड ३१ तारखेपर्यंत भरलेलं.

आज १६.

बाजूला आलेख-कागदाचा तुकडा. पेन्सिलने काढलेली रेष. सुरुवातीला उंच, चौथ्या आठवड्याला खाली आलेली, मग हळूहळू वर. औषधाचा असर येतो आणि ओसरतो, ती तशीच्या तशी. रेषेवर ठिपके. आधी रेष, मग ठिपके. मी ओळखलं, कारण पुण्यात चार वर्षं आम्ही जर्नल असंच भरलं. रीडिंग बसवायचं. सबमिशनच्या आदल्या दिवशी सगळा वर्ग तेच करायचा आणि सरांना माहीत असायचं.

ताटल्या फडताळात होत्या. फडताळाच्या दाराच्या आत तिथीचं कॅलेंडर, भारतातून आणलेलं. आपल्याकडे त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडतात. इथे दूधवाला नाही. काकूंनी कचऱ्याची गाडी मांडली आहे, दर गुरुवारी. आणि त्याखाली, बारीक बॉलपेनने, रोजचं एकेक. त्यातलं थोडं:

४ – दवाखाना. रात्री ३ दा.
५ – ४ दा. मूठ घट्ट.
९ – ३ दा. तळवा धुतला, ओरडले नाहीत.
१३ – हातमोजा. अंगठा गेला.

कार्डावर या सगळ्या दिवसांना १ आणि २.

मागे वळले तर काकू दारात. "सापडल्या का ताटल्या?" मी ताटल्या दाखवल्या. त्यांनी ताटल्यांकडे पाहिलं नाही.

१७ जानेवारी, सोमवार

क्लिनिक बंद. सुट्टी. काही केलं नाही.

खरं तर एक केलं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची बाइंड केलेली प्रत काढली. तीस मुलींचे गुडघे, कोन मोजून. एकोणीस मोजले होते. अकरा बसवले. पहिला नंबर आला, त्याच कागदांवर इथे प्रवेश मिळाला. प्रत परत सूटकेसमध्ये ठेवली.

१८ जानेवारी, मंगळवार

सांगितलं नाही. सांगितलं तर टें. बाद. मि. बी. सारखेच. नाही सांगितलं तर १ फेब्रु.ला बारावा आठवडा पुरा, मग खरी सुई. आणि त्यांचे बसवलेले आकडे कायमचे आत. पुढे कुणाच्या तरी हाताचा निर्णय त्यावरून होणार.

पाच हात मोजले. प्रत्येक आकडा दोनदा.

१९ जानेवारी, बुधवार

कपाटातून टें.चे माझेच कागद काढले. ३, ३, २, ३. तो दोन एकटाच उभा. कुठल्याही तपासनिसाने बोट ठेवावं असा. कोणी ठेवलं नाही.

२० जानेवारी, गुरुवार

काकूंचा फोन, कामावर असताना. घेतला नाही. घरी येऊन केला.

"हे बोलणार म्हणतायत," काकू म्हणाल्या आणि फोन दिला.

काका: "बघितलंस ना."

"हो."

"तीस वर्षं ब्रेक तपासले. एक आकडा बसवला नाही. लोक बसवायचे, मी नाही. एकदा तर त्यावरून नोकरी जायची वेळ आली होती."

"मग काका?"

"तिथे ब्रेक होते. इथे माझा हात आहे."

ते पुढे बोलत राहिले, जरा भरभर. औषध लागू नाही असं दिसलं तर पुढची सुई देणार नाहीत, असं त्यांना वाटलं. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं नाही म्हणून. ते म्हणाले, "सांगतात सगळे तसंच." पहिला महिना त्यांनी कार्ड खरं भरलं होतं. म्हणजे रोज सकाळी काकूंना विचारून. मग डिसेंबरात दवाखान्यातून आल्यावर ते जुनं कार्ड फाडलं, डनीसकडून हरवलं म्हणून नवं घेतलं, आणि पहिल्यापासून लिहिलं.

"का?"

"तू दोन लिहिलंस ना. मला उलटं वाचता येतं, शॉपफ्लोअरवर शिकलो. मी म्हटलं, मला रात्री तीन-चारदा जाग येते आणि ही मोजून दोन म्हणते. म्हणजे माझंच चुकतंय. तुझा आकडा तर खरा असणार. मग त्या दोनावरून मागचं-पुढचं बसवलं."

मागून काकू: "मी म्हणत होते यांना, मी लिहितेय ते काय खोटं आहे?"

काका: "तुझं कॅलेंडर आहे गं, कार्ड नाही."

मी म्हटलं, उद्या फोन करते.

२१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी सात वाजता एका पानाचं निवेदन लिहिलं. दोन परिच्छेद. पहिला माझा, दुसरा त्यांचा. उलट क्रम आधी लिहिला होता, बदलला.

डॉ. एच. उभ्यानेच वाचत होते. पहिल्या परिच्छेदानंतर बसले.

"दोन नव्हता, याची खात्री आहे?"
"नाही. दोन होता, याचीही नाही. तेच लिहिलंय."
"असं आणखी किती वेळा?"
"एकदाच."
"एकदाच, हे मला कसं कळणार?"

ते रागावले नव्हते. थकले होते. गेली दोन वर्षं मी मोजलेले सगळे हात कुणीतरी पुन्हा तपासणार. तोपर्यंत मी मोजायचं नाही. मागच्या खोलीत डनीसला कागद लावायला मदत. व्हिसाच्या पत्राबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही, मीही नाही.

डनीसने दार लावलं, मला कॉफी दिली. "मी आठ वर्षं हे करतेय. लोक दुसऱ्याची तक्रार घेऊन येतात. स्वतःची घेऊन आलेली तू पहिली. ही स्तुती नाही हं. मला आता दीडशे पानं काढायची आहेत."

२४ जानेवारी, सोमवार

कंपनीच्या तपासनिसाबरोबर फोन, डनीसच्या टेबलावर, स्पीकरवर. तो म्हणाला, प्रकरण सरळ आहे, कार्ड बनावट, पेशंट बाहेर.

मी म्हटलं, एक मूळ नोंद आहे. रोजच्या रोज केलेली, त्याच दिवशी, दुसऱ्या व्यक्तीने. नियमात कार्डापेक्षा मूळ नोंद वरची.

"कसली नोंद?"
"भिंतीवरचं कॅलेंडर. त्यांच्या पत्नीचं. मराठीत आहे."

तो: "हा धार्मिक कागद आहे का?"

डनीसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वर देवाचं चित्र आहे. खाली कचऱ्याची गाडी आहे."

"मग मला ते पाहावं लागेल," तो म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मूळ पानं, प्रती, आणि भाषांतर, चौकोनागणिक, सहीसकट. बाराव्या आठवड्याचं मोजमाप होऊ द्या, ते दुसऱ्याने करावं. पुढची सुई उत्तर येईपर्यंत थांबवा. ती द्यायची मुदत १५ फेब्रु.पर्यंत. त्यानंतर नाहीच.

२७ जानेवारी, गुरुवार

डनीसबरोबर टेंभ्यांकडे, पानं आणायला. एकटीने जायचं नाही असं मीच म्हटलं.

जानेवारी दारावर. डिसेंबर देवघराच्या खणात. नोव्हेंबर सापडेना. काकूंनी सगळं घर पालथं घातलं. शेवटी मसाल्याचा खण उपसला: डब्यांखाली पसरलेलं, उलटं. मागचं कोरं पान वर, त्यावर हळदीचं गोल वर्तुळ. पलटलं तर चौकोन शाबूत. १० – ४ दा. १९ – नख रुतलं, रक्त.

काकू डनीसला इंग्रजीत: "सॉरी, हळद."
डनीस: "माझ्या पेशंटची कार्डं यापेक्षा वाईट असतात. एकावर कुत्रा झोपला होता."

काका खुर्चीत, डावा हात उशीवर. मुलाचा ह्यूस्टनहून फोन आला, स्पीकरवर ठेवला. "बाबा, आय टोल्ड यू, जस्ट फॉलो द रूल्स." काका म्हणाले, "हो रे." मुलगा म्हणाला, "आर यू लिसनिंग?" काका म्हणाले, "ऐकतोय. दोन्ही कान चालतात."

निघताना मला: "तुझं काम गेलं म्हणे."
"गेलं नाही. थांबलंय."
"माझ्यामुळे."
"नाही काका. माझ्या दोनामुळे."

ते माझ्याकडे बघत राहिले. जसं ब्रेककडे बघत असतील.

१ फेब्रुवारी, मंगळवार

बारावा आठवडा. ॲन आर्बरहून एक बाई आल्या मोजायला. मी मागच्या खोलीत, फाइलींना नंबर घालत. भिंत पातळ आहे. "लूज, मिस्टर टेंभे. लूज. डोन्ट हेल्प मी." मग काही ऐकू आलं नाही.

कॉरिडॉरमध्ये गाठ पडली. काकांच्या डाव्या हातात मोजा नव्हता. हातमोजा होता. अंगठा अंगठ्याच्या जागी, बाकी मूठ अर्धी बाहेर, लोकरीची चार बोटं रिकामी लोंबत होती.

काकू: "तर्जनी पण जाईल म्हणतायत."
काका: "मी म्हटलेलं नाही. ती म्हणतेय."

औषध, की मिठाचं पाणी, की काकूंचं रोजचं चोळणं. कुणाला माहीत नाही. त्या बाईंनी काय लिहिलं हेही मला माहीत नाही. काकांनाही नाही. या वेळी कागद त्यांच्याकडे पाठ करून धरला होता म्हणे.

"चांगली आहे बाई," काका म्हणाले. "तुझ्यापेक्षा कडक."

६ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. सगळं ठीक. अंगठ्याचं सांगितलं. "मोजायचं बंद आहे तर बरा होईल," म्हणाली. मोजायचं बंद आहे हे मी तिला कधी सांगितलं, आठवत नाही.

होतोय बरा.

९ फेब्रुवारी, बुधवार

भाषांतर. डावीकडे चौकोन, उजवीकडे इंग्रजी. चौऱ्याऐंशी दिवस. 'मूठ घट्ट', 'मूठ फार घट्ट', 'आज जरा बरी'. याला आकडे नाहीत. डनीस म्हणाली, आहे तसं लिही, आकडा करू नकोस. तेच करत होते.

७ डिसें.: दवाखाना. मुलीने २ लिहिलं. हे खूश. रात्री ४ दा.

याचंही केलं. सगळे शब्द घेतले. 'हे खूश' पण.

१० फेब्रुवारी, गुरुवार

एक चौकोन राहिला होता. २४ डिसेंबर. कोरा. कार्डावर त्या दिवशी १.

काकूंना फोन केला. डनीस समोर बसलेली, नोंदीसाठी. "काकू, चोवीस डिसेंबरला काय होतं?"

"त्या दिवशी मुलगा आला होता बघ. गडबडीत राहिलं." थोडा विचार. "अगं, तेवीसला तीन आहे, पंचवीसला तीन आहे. मग चोवीसला वेगळं काय असणार? तीन लिही."

मी पेन धरून होते. तीनच असणार. मलाही तेच वाटत होतं. रेष सरळ तीनातूनच जात होती.

मागून काका: "लिहिलं नाही ना? मग नाही."
"अहो पण एका चौकोनापायी—"
"नाही म्हणजे नाही. तिला सांग, नोंद नाही असं लिही."
काकू मला: "ऐकलंस?"
"ऐकलं."

चौकोन कोरा ठेवला. समोर लिहिलं: नोंद नाही. खाली, भाषांतर मूळ मजकुराप्रमाणे आहे. सही, तारीख. डनीसने साक्ष घातली. पाकीट साडेचारच्या कुरियरने गेलं.

कंपनीचं उत्तर नाही. माझ्या पत्राचं नाही. १५ ला मंगळवार आहे, त्या दिवशी टें.च्या सुईसाठी एक वेळ राखून ठेवली आहे. पेन्सिलने.